आत्याच्या गेमला ग्राफिक्स कार्ड लागतं का? साताऱ्यातल्या एका पीसीचं प्रकरण

माझी आत्या साताऱ्याला असते, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालीय, वय ६४, आणि गेलं वर्षभर तिला वेड लागलंय ते जपानी मर्डर मिस्ट्री व्हिज्युअल नॉव्हेलचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मागे एक स्थिर चित्र असतं (हवेली, जहाज, पोलीस स्टेशन वगैरे), पुढे एक-दोन पात्रं उभी, खाली एका पट्टीत मजकूर टाइप होत जातो, क्लिक केलं की पुढचं वाक्य, आणि अधूनमधून विचारतात की कोणाला पकडायचं, कुठला पुरावा दाखवायचा. धावपळ नाही, नेम धरणं नाही. आत्याला बटणं पटापट दाबायचे गेम जमत नाहीत, पण वाचायला बसवली की रात्रीचे दोन वाजले तरी उठत नाही, त्यामुळे पुण्याच्या नातवाने सुट्टीत येऊन तिच्या पीसीवर एक गेम टाकून दिला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

पीसी २०१८ साली घेतलेला. इंटेल आय३-८१००, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र काढायचं स्वतंत्र कार्ड) नाही, प्रोसेसरमधलंच यूएचडी ६३०, आणि १०८० पिक्सेलचा ६० हर्ट्झवाला मॉनिटर. बँकेची कामं, यूट्यूब, शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींचे फोटो, बास.

तिची तक्रार एकच होती, की गेम मधेच अडखळतो. वाचता वाचता एकदम अर्धा सेकंद सगळं थिजतं, आवाजाची चिरचिर होते आणि मग पुढे सरकतं. तिने ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, त्याने गेम शब्द ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "काकू, यात ग्राफिक कार्डच नाहीये, गेमला कार्ड लागतंच." जीटीएक्स १६५० बसवून दिलं, तेरा हजाराच्या आसपास. बसवता बसवता आतली धूळ काढली, सुरू होताना आपोआप उघडणारे सात-आठ प्रोग्राम बंद केले, संपलेला अँटिव्हायरस काढून टाकला. त्याच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही, ही कामं त्याने चांगली केली होती. आत्या म्हणे आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच.

मग फोन. "अरे, तेरा हजार घातले आणि हे अजून तसंच अडखळतंय. तू येणारेस ना गणपतीला, तेव्हा बघ की जरा."

गेलो. आरती झाली, मोदक झाले, आणि मी टेबलाखाली शिरलो. मागे हात घातला आणि दोन मिनिटं तिथेच हसत बसलो. मॉनिटरची एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या पोर्टला होती. कार्डाची पोर्टं खाली मोकळी, प्लॅस्टिकच्या टोप्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या. बऱ्याच बोर्डांवर कार्ड बसवलं की आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं, मग केबल चुकीच्या जागी लावली तर स्क्रीनच काळी राहते आणि चूक तिथल्या तिथे कळते. इथे बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची मदरबोर्डची सेटिंगं) दोन्ही चालू ठेवलेली होती, त्यामुळे सगळं छान दिसत होतं आणि विंडोज ज्या चिपला मॉनिटर जोडलाय तिलाच गेम देत होतं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये दोन्ही जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सच्या चिप, वेगवेगळे दिसतात (विंडोज १० मध्ये ही सोय २०१७ पासून आहे). गेम चालू केला, यूएचडी ६३० शंभराला टेकलेलं आणि १६५० शून्य टक्के. म्हणजे दीड महिना ते तेरा हजाराचं कार्ड आत नुसतं बसून होतं आणि "आठ-दहा दिवस बरं वाटलं" ते धूळ आणि स्टार्टअप प्रोग्रामांमुळे.

आत्याला लगेच सांगितलं नाही. आधी केबल हलवली, कार्डाला लावली, म्हणलं बघू तरी पैशाचं काय मिळतंय ते.

गेम उघडला. मुख्य मेनू, समुद्र, जहाज, मंद पियानो. आणि कॅबिनेटमधून एक बारीक कीईईई असा आवाज. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "डास शिरलाय का रे त्यात?" अर्ध्या मिनिटात कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागले. स्क्रीनवर काय होतं, तर एक स्थिर चित्र आणि चार शब्द. एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) निघतात त्याचा, काटा लावून बघितला, ९०० ते १००० च्या मधे नाचत होता. मघाशी मदरबोर्डच्या पोर्टवर हाच काटा दीडशे-पावणेदोनशे दाखवत होता.

इथे थोडं थांबून हिशेब सांगतो, कारण बाकी सगळं यावरच आहे आणि हा हिशेब लोक करतच नाहीत, थेट "कुठलं कार्ड घेऊ" वर येतात. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे पूर्ण स्क्रीनचं एक चित्र साधारण ८.३ एमबी. असं एक चित्र दुसऱ्यावर ठेवायचं तर वरचं वाचायचं, खालचं वाचायचं, मिसळून परत लिहायचं, म्हणजे तिप्पट, २५ एमबी. आता मागचं दृश्य, दोन पात्रं, मजकुराची पट्टी आणि वर एखादा धुक्याचा किंवा पावसाचा थर, असे पाच थर पूर्ण स्क्रीनचे धरा. (खरं तर पात्र पूर्ण स्क्रीनभर नसतं, पण वाईटात वाईट धरू.) एका फ्रेमला १२५ एमबी झाले. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे ६० फ्रेम पुरतात, म्हणजे सेकंदाला साडेसात जीबी. आत्याची रॅम डीडीआर४-२४००, एकच स्टिक, तिची कागदावरची कमाल १९.२ जीबी प्रति सेकंद. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, स्वतःची वेगळी मेमरी त्याला नसते. तरीही साडेसात कुठे आणि एकोणीस कुठे. भागतं, आरामात भागतं, आणि दुसरी स्टिक घातली तर दुप्पट रस्ता मिळतो. चेहऱ्यावरची सावली मोजायची नाही, गवताचं पातं हलवायचं नाही, नुसती चित्रं एकावर एक ठेवायची आहेत.

आता १९.२ ला १२५ एमबीने भागा, १५३ येतात. १६५० ची स्वतःची मेमरी १२८ जीबी प्रति सेकंद देते, तिला भागा, हजाराच्या पुढे. काट्यावर दिसलेले आकडे जवळपास हेच होते. हिशेब ढोबळ आहे, इतका बरोबर जुळला यात थोडं नशीबही आहे, पण कल्पना यावी. कार्ड सहा-सात पट ताकदवान होतं आणि त्या सगळ्या ताकदीचं त्याने काय केलं, तर तेच जहाजाचं चित्र सेकंदाला हजार वेळा काढलं, ज्यातली साठच मॉनिटर दाखवू शकतो. उरलेली ९४० काढली आणि फेकली. तो डासासारखा आवाज याचाच, कार्डावरच्या कॉइलमधून करंट इतक्या वेगाने कमीजास्त होतो की ती ऐकू येईल इतकी थरथरते, आणि साध्या मेनूवर, जिथे एफपीएस सगळ्यात जास्त जातो, तिथे हा आवाज सगळ्यात जास्त येतो.

एक आठवण म्हणून सांगतो, याच जातीचा सगळ्यात गाजलेला वकिलांचा गेम, कॅपकॉमचा एस अटर्नी, २००१ साली गेमबॉय ॲडव्हान्सवर आला. त्याची स्क्रीन २४० बाय १६०, म्हणजे ३८,४०० पिक्सेल, प्रोसेसर १७ मेगाहर्ट्झच्याही आत. आत्याच्या मॉनिटरवर त्या स्क्रीनच्या बरोबर ५४ पट पिक्सेल आहेत. म्हणजे चित्रं मोठी आणि सुबक झाली, पण काम त्याच जातीचं राहिलं, आणि आजचं कुठलंही आतलं ग्राफिक्स ५४ पट काय, त्याच्या कितीतरी पुढे आहे.

बरं, हजार एफपीएस का, तर व्हीसिंक बंद होतं. व्हीसिंक म्हणजे मॉनिटर म्हणेल तेव्हाच पुढची फ्रेम द्यायची, मधे गप्प बसायचं. ते बंद कोणी केलं? नातवाने. तो गोळीबाराचे गेम खेळतो, तिथे माऊस हलवल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंतचा उशीर जीव घेतो आणि व्हीसिंकने तो उशीर वाढतो, म्हणून त्या पोरांना सवयच लागलेली असते, नवीन गेम उघडला की पहिलं व्हीसिंक बंद. त्याने आत्याच्या गेममध्येही सवयीने तेच केलं. आत्या एक वाक्य वाचायला सहा सेकंद घेते, तिला कसला उशीर. आणि हा गेम युनिटी इंजिनवरचा (इंजिन म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर), युनिटीमध्ये डेस्कटॉपवर व्हीसिंक बंद असेल आणि बनवणाऱ्याने स्वतःहून मर्यादा घातली नसेल तर इंजिन जमेल तितक्या वेगाने फ्रेम काढत सुटतं. रेनपाय या दुसऱ्या इंजिनवर बनलेल्या व्हिज्युअल नॉव्हेल यात शहाण्या असतात, तिथे पॉवर सेव्हिंगची सोय आहे, स्क्रीनवर काही हलत नसेल तर सेकंदाला पाचच वेळा चित्र काढतात, लॅपटॉप बॅटरीवर असेल तर आपोआपच. (रेनपायच्या गेममध्ये शिफ्ट आणि जी दाबलं की ग्राफिक्सचा मेनू उघडतो, तिथे फ्रेम रेटही ठरवता येतो. फार कमी लोकांना माहितीये.)

गेमच्या सेटिंगमध्ये व्हीसिंक चालू केलं. पाच सेकंदात डास मेला. पंखे मिनिटभरात शांत. ज्या गेममध्ये हे सेटिंगच नसतं तिथे एनव्हिडियाच्या (कार्डाची चिप बनवणारी कंपनी) कंट्रोल पॅनलमध्ये त्या प्रोग्रामपुरता मॅक्स फ्रेम रेट ६० करून टाकायचा, तेच काम होतं.

एक गंमत इथे नोंदवतो कारण मीही आधी फसलेलो आहे. मर्यादा घातल्यावर टास्क मॅनेजर बघितला तर जीपीयू २० टक्के दाखवत होता, मला वाटलं होतं की हजारचे साठ झाले म्हणजे सहा टक्क्यांवर यायला पाहिजे. पण कार्ड काम कमी बघून स्वतःचा वेगही खाली आणतं, १६०० मेगाहर्ट्झच्या पुढे पळणारं कार्ड ३०० वर येऊन पेंगत होतं, आणि तो टक्का त्या पेंगत्या वेगाचा होता. त्यामुळे नुसता टक्का बघून "माझं कार्ड या साध्या गेमला एवढं वापरलं जातंय" असं घाबरू नका, शेजारी क्लॉक आणि वॅट बघा. आणि वॅटवरून आठवलं, १६५० ची कमाल ७५ वॅट, ती सगळी स्लॉटमधूनच घेतं. समजा त्यातले ६० वॅट असे फुकट गेले असते आणि आत्या रोज चार तास वाचते, तर महिन्याला सात युनिट. महावितरणचं बिल काही यामुळे बुडवणार नाही, पण एका थांबलेल्या चित्रासाठी सात युनिट म्हणजे जरा अतिच.

आता मी विजयी मुद्रेने आत्याला बसवलं. "घे, खेळ." तिने चष्मा लावला, शेव्ह उघडला (ती सेव्हला शेव्ह म्हणते), तीन वाक्यं वाचली, एक नवीन बाई दारातून आत येणार तेवढ्यात टक. थिजलं. अर्धा सेकंद. मग बाई आली.

"बघ," आत्या म्हणाली. नुसतं "बघ". मुख्याध्यापिका.

म्हणजे इतका वेळ मी जे सोडवलं ते तिने विचारलंच नव्हतं.

मी पुन्हा काटे लावायला निघालो तर तिने ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली. त्या वहीत ती गेमची टिपणं काढते, कोण कुठल्या वेळी कुठे होता, कोणाचा कोणाशी संबंध, वंशावळ सुद्धा. आणि समासात, उभ्या रेघेच्या डाव्या बाजूला, बारीक अक्षरात "अ" लिहिलेलं जागोजागी. "अ म्हणजे अडखळला. मी तुला दाखवायचं म्हणून लिहून ठेवलं." मी ती वही अर्धा तास बघत बसलो. ती म्हणाली, "अरे, नवीन माणूस पहिल्यांदा आला की अडखळतो. नवीन जागा आली की अडखळतो. तोच माणूस दुसऱ्यांदा आला की नाही अडखळत. पण रात्री कॉम्प्युटर बंद केला आणि सकाळी तेच मागचं पुन्हा वाचलं तर परत अडखळतो."

हे एवढं ऐकल्यावर ग्राफिक्स कार्ड संशयितांच्या यादीतून गेलंच. कार्ड कमी पडत असतं तर तो माणूस जितका वेळ स्क्रीनवर उभा आहे तितका वेळ सगळं जड चाललं असतं, फक्त येतानाच नाही. दुसरी शंका शेडर (चित्र कसं रंगवायचं ते जीपीयूला सांगणारा छोटा प्रोग्राम) तयार होण्याची असते, त्यानेही पहिल्या वेळीच झटका बसतो, पण तयार झालेला शेडर ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवतो, मग पीसी बंद करून चालू केला तरी तोच झटका परत यायचं कारण नाही. पीसी बंद केल्यावर जे जातं ते रॅममध्ये असलेलं. म्हणजे विंडोज फाइल एकदा वाचली की रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतं, पुढच्या वेळी डिस्कवर जात नाही, आणि बंद केलं की ते सगळं पुसलं जातं.

तरी ताडून बघितलं. पीसी रीस्टार्ट केला, तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा सेव्ह उघडला, पाच नवीन पात्रं येईपर्यंत खेळलो, पाचही वेळा अडखळला. गेम बंद केला, पीसी चालूच ठेवून गेम परत उघडला, तोच सेव्ह, तीच पाच पात्रं, एकदाही नाही. पुन्हा पीसी रीस्टार्ट, पुन्हा पाचही. मग केबल मदरबोर्डला लावून हेच सगळं पहिल्यापासून. काडीचा फरक नाही. मग क्रोममध्ये वीस टॅब उघडून रॅम भरली आणि गेम परत उघडला, पीसी बंद न करताही अडखळायला लागला, कारण जपून ठेवलेल्या फायलींना जागाच उरली नाही. ८ जीबीत हे व्हायचंच, आणि आत्याच्या मागे यूट्यूबवर कीर्तन कायम चालू असतं.

डिस्कचा हिशेबही सांगून टाकतो. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, एक फेरी ८.३ मिलिसेकंद, हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चारच्या वर. त्याआधी डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ. एका ठिकाणची फाइल वाचायला सुरुवात करायचीच तेरा मिलिसेकंद. ६० एफपीएसला एका फ्रेमला मिळतात १६.७. नवीन पात्र येतं म्हणजे त्याची दहा-पंधरा हावभावांची चित्रं, त्याचा आवाज, त्याचं संगीत, पंचवीसेक ठिकाणी उड्या मारायच्या झाल्या तर ३०० मिलिसेकंद नुसते उड्यांतच, मग वाचणं वेगळं, आणि वाचून झाल्यावर दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेलं चित्र प्रोसेसरने उलगडायचं ते वेगळं. तेवढा वेळ गेम श्वास रोखून उभा. कॉम्प्युटरवाल्याने म्हणे एफपीएस दाखवला होता, "बघा काकू, दीडशेच्या वर आहे, काहीच प्रॉब्लेम नाही." तो खोटं बोलत नव्हता, पण एफपीएस ही सरासरी असते. एका सेकंदात दीडशे फ्रेम आल्या त्यात एक जागा चारशे मिलिसेकंदांची रिकामी असेल तर ती सरासरीत विरघळून जाते. दोन फ्रेममधलं अंतर दाखवणारा आलेख लावला की लगेच दिसतं, सपाट रेघ आणि मधेच एकेक सुळका. ते सुळके आत्याच्या वहीतल्या "अ" शी जुळत होते, एक सोडून सगळे, आणि त्या एकाच्या वेळी ती म्हणे चहा ओतत होती.

विकत घ्यायच्या आधी खात्री म्हणून माझ्या बॅगेतली बाहेरून लावायची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क, तिला उड्या माराव्या लागत नाहीत) काढली, यूएसबीला जोडली, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमधून गेमचं फोल्डर तिच्यावर हलवलं (स्टीममध्ये ही सोय आहे, परत डाउनलोड करावा लागत नाही). पीसी रीस्टार्ट, तीच पाच पात्रं. आलेखावर बारके उंचवटे उरले, चाळीसेक मिलिसेकंदांचे, ते चित्र उलगडायचे, डोळ्याला कळणारच नाहीत. आत्या पाचही पात्रं बघून झाल्यावर काहीच बोलली नाही, पुढचं वाचत राहिली. तेव्हा कळलं की झालं.

दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याच्या बाजूला जाऊन एक २५६ जीबीची साधी साटा एसएसडी आणि ८ जीबीची दुसरी रॅम स्टिक आणली, विंडोज आणि गेम दोन्ही एसएसडीवर नेले, जुनी डिस्क फोटोंना ठेवली. दोन्ही मिळून कार्डाच्या निम्मेसुद्धा पैसे लागले नाहीत. कार्ड काढलं, केबल परत मदरबोर्डला. म्हणजे ज्या पोर्टला ती चुकून होती तिथेच ती आता बरोबर म्हणून लावली. कार्ड नातवाला दिलं, त्याला त्याच्या गोळीबाराला उपयोगी पडतंय.

केबलचं मी शेवटी सांगितलंच. आत्या रागावेल असं वाटलं होतं, ती म्हणाली, "म्हणजे ते कार्ड दीड महिना घरात होतं आणि कोणी त्याला काही विचारलंच नाही. आमच्या शाळेतल्या इन्स्पेक्टरसारखं."

आता यावरून कोणी लगेच "व्हिज्युअल नॉव्हेलला कार्ड कधीच लागत नाही" असं म्हणू नका, कारण दोन ठिकाणी मला ते म्हणता येत नाही. एक म्हणजे फार जुनी मशीन. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीतलं इंटेल एचडी ३००० घ्या, त्याच्यात डायरेक्टएक्स (विंडोजमध्ये गेम ज्या भाषेत ग्राफिक्सशी बोलतो ती) १०.१ पर्यंतच सोय आहे. गेमने डायरेक्टएक्स ११ मागितलं तर तो कितीही हलका असू दे, उघडणारच नाही, एरर देऊन बंद. तिथे प्रश्न ताकदीचा नाहीच, भाषेचा आहे, आणि अशा डेस्कटॉपला जीटी ७१० सारखं अगदी किरकोळ, १९२ कोरचं, कार्डही पुरतं कारण त्याला ती भाषा येते. गेमच्या पानावर किमान गरजेत जे कार्ड लिहिलेलं असतं ते माझ्या मते बहुतेक वेळा बनवणाऱ्यांच्या ऑफिसात पडलेलं सगळ्यात जुनं मशीन असतं, त्यात कार्डाच्या नावापेक्षा डायरेक्टएक्सचा आकडा आधी वाचावा.

आणि दुसरं आत्याच्याच घरी निघालं. दिवाळीला मुलाने हॉलमध्ये फोरकेचा टीव्ही घेतला आणि तिला वाटलं सोफ्यावर बसून त्यावर खेळावं. आता फोरके म्हणजे चौपट पिक्सेल, ८२,९४,४००, मघाचा हिशेब चारने गुणा, पाच पूर्ण थर ६० एफपीएसला तीस जीबीच्या आसपास जातात, आणि दोन स्टिकची मिळून कमाल ३८.४. कागदावर बसतं, पण घासून. त्याहून मोठी अडचण पोर्टाची, तिच्या बोर्डावरचं एचडीएमआय १.४ प्रकारचं, ते फोरके ३० हर्ट्झलाच देतं. माऊसचा बाण ओढल्यासारखा चालतो. १६५० असतं तर त्याच्या एचडीएमआय २.० मधून फोरके ६० ला सहज गेलं असतं, म्हणजे कार्डाचा खरा उपयोग निघाला तो मागच्या भोकाचा. पण नातू ते काही परत देणार नव्हता. मी टीव्हीला १०८० चाच सिग्नल दिला, ६० ला, टीव्ही मोठा करून दाखवतो. गेममधली मूळ चित्रंच १०८० ची काढलेली, फोरके करून त्यात नवीन काही दिसणार नव्हतं. आत्याला तर सोफ्यावरून फरक कळला नाहीच, मलाही अक्षरांच्या कडा सोडल्या तर नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. गेम संपला, खुनी सापडला, पण तिने शेवटी चुकीच्या माणसाला पकडलं आणि एक अंक परत खेळायला लागला. आवाजात जरा नाराजी होती. म्हणलं, काय गं, आता तर अडखळत नाही ना?

"नाही अडखळत. तेच तर म्हणतेय," ती म्हणाली. "आधी खोलीत सगळे बसलेत, दार बंद आहे, आणि मधेच थिजला की मला कळायचं की आता कोणीतरी नवीन येणार. मी लगेच वहीत एक ओळ सोडून ठेवायचे. आता काही कळतच नाही रे, तो एकदम येऊन उभाच राहतो."